मनाचा घोळ आणि भेंडीचे बी



लागण नोंदीचे दिवस होते. मी गट ऑफिसात बसलो होतो. चिटबॉयने गट नंबर, उसाची जात, लागणीची तारीख लिहून घेतली, सही झाली आणि चहा आला. चहाबरोबर गप्पाही आल्याच. बाकावर शेजारच्या गावचा एक तरुण सभासद बसला होता. बापाच्या नावचा शेअर दोन वर्षांपूर्वी त्याच्या नावावर झालेला. साडेचार एकर रान, त्यातले दोन एकर उसाखाली, पाणी निम्मे विहिरीचे, निम्मे कालव्याचे. पोरगा कृषी पदविका झालेला आणि कामाला वाघ. मला म्हणाला, "काका, उसाचं ठरलेलं आहे, त्याचं काही नाही. पण राहिलेल्या अडीच एकरात काय करावं, हे दोन वर्षं झाली ठरंना."

"ठरंना म्हणजे?"

त्याने पिशवीतून एक वही काढली. पहिल्याच पानावर अकरा नावे होती. म्हशी, शेळ्या, कोंबड्या, रेशीम, शेडनेटमधले बीजोत्पादन, मोसंबी, डाळिंब, रोपवाटिका, गांडूळ खत, मधमाश्या आणि गुऱ्हाळ. (गुऱ्हाळाचे नाव कारखान्याच्या अंकात छापायचे की नाही ते संपादकांनी ठरवावे. पोराच्या वहीत होते म्हणून लिहिले.) प्रत्येक नावापुढे खर्च, कर्ज, अनुदान, उत्पन्न. अक्षर मोत्यासारखे आणि अकराही धंदे कागदावर नफ्यात! मी विचारले, "आणि या दोन वर्षांत त्या अडीच एकरात काय होतं?"

"पहिल्या साली सोयाबीन. दुसऱ्या साली सोयाबीन."

सगळे हसले. मी मात्र हसू शकलो नाही. कारण त्या पोराचे दोनच वर्षे गेली होती. माझी त्याहून जास्त गेली आहेत.

सांगायला लाज वाटते, पण सांगतो. 2018 साली जालन्याच्या बाजार समितीत रेशीम कोषांची खरेदी सुरू झाली. त्याआधी आपल्याकडचे शेतकरी कोष घेऊन थेट कर्नाटकात रामनगरला जात. बाजार दारात आला म्हणून मीही त्या पावसाळ्यात एक एकर तुती लावली. पन्नास फूट लांब, बावीस फूट रुंद शेड उभे केले, त्यात पावणेदोन लाख घातले. पुढच्या साली बॅचेस निघू लागल्या. चॉकी झालेल्या अळ्या आणायच्या, अठरा-वीस दिवस पाला टाकायचा आणि कोष बाजारात न्यायचे. महिन्याच्या महिन्याला पैसा दिसू लागला. उसाच्या माणसाला ही चैनच वाटते. मग 2020 ची टाळेबंदी आली. बाजार बंद पडले, उघडले तेव्हा भाव कोसळलेले. कोष म्हणजे काही तूर नव्हे, की पोत्यात भरून भावाची वाट पाहावी. दहा-बारा दिवसांत पतंग कोष फोडून बाहेर येतो आणि माल मातीमोल होतो. मी घाबरलो. त्याच जूनमध्ये तुती उपटली आणि कापूस लावला. शेडमध्ये शेळ्या बांधल्या. शेळ्यांना रोग आला, त्या विकल्या. मग कोणी सांगितले शेडनेट कर, त्याची चौकशी केली, कागद गोळा केले आणि ठेवून दिले. इकडे 2021-22 मध्ये कोषाचे भाव असे चढले, की ज्यांनी तुती ठेवली होती त्यांचे मागचे सगळे भरून निघाले. माझ्या शेडमध्ये तेव्हा कडबा होता.

घरातून एकच वाक्य ऐकले. "आवो, एखादं तरी झाड मोठं व्हऊ द्या की."

ऊस मन बदलू देत नाही

गंमत अशी, की हाच माणूस, म्हणजे मी, उसाच्या बाबतीत असा नाही. तुम्हीही नाही. आडसाली ऊस जुलै-ऑगस्टात लावला की तो सोळा-अठरा महिने रानात उभा राहतो. मध्ये शेजाऱ्याच्या आल्याला भाव आला म्हणून कोणी सहा महिन्यांचा ऊस मोडत नाही. लागण तुटली की खोडवा ठेवतो. लागणीचा खर्च पहिल्या साली, त्याचा खरा फायदा खोडव्यात, हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. बेणे, खत, नोंद, पाण्याची पाळी, सगळे एकदा ठरले की डोक्याला त्रास नाही. मन स्थिर आहे म्हणून आपण ऊस टिकवतो असे नाही. ऊसच आपल्या मनाला हलू देत नाही, ही खरी गोष्ट आहे.

आणि हा कारखाना? चिमणीला धूर दिसला, मग शेअर घेतला, असे पहिल्या सभासदांपैकी एकाचेही झाले नसेल. लोणीला विठ्ठलराव विखे पाटील गावोगाव फिरून शेअर गोळा करत होते, तेव्हा शेतकऱ्यांचा साखर कारखाना हा शब्दच लोकांना थट्टेचा वाटे. त्या कारखान्याची नोंदणी 1948 च्या अखेरीस झाली आणि पहिले गाळप 1950-51 च्या हंगामात. मधली वर्षे लोकांनी कशाच्या जोरावर काढली? पैसे गुंतले होते, नाव गुंतले होते आणि मागे फिरायची वाट राहिली नव्हती. अर्थशास्त्र सांगायला धनंजयराव गाडगीळ होते हे खरे, पण धनंजयराव काही कोणाच्या घरी जाऊन शेअरचे पैसे काढून देत नव्हते.

आणंदच्या डॉ. कुरियन यांची हकीगत तर याहून मजेची. 1949 साली सरकारी नोकरीच्या बंधनात अडकून हा माणूस त्या गावी आला. गाव आवडले नाही, कधी एकदा सुटतो असे झालेले. सुटका झाली, सामान बांधले आणि त्रिभुवनदास पटेलांनी विनंती केली, की आमच्या संघाची यंत्रे लागेपर्यंत तेवढे थांबा. ते तेवढे थांबणे पुढे आयुष्यभर पुरले. कुरियन मनाशी सगळे ठरवून आणंदला आले असते, तर कदाचित आलेच नसते!

पण हे सगळे बाहेरचे दाखले झाले. जालन्यात राहून जालन्याचा दाखला सोडायचा म्हणजे काखेत कळसा आणि गावाला वळसा.

भेंडी कोवळी तोडायची की वाळू द्यायची

'जालना सोने का पालना' ही म्हण आपल्या आजोबांच्या आधीची. तेव्हाचे सोने म्हणजे मोंढ्यातला व्यापार. नंतरच्या काळात जालन्याचे नाव देशात गेले ते बियाण्यामुळे, आणि त्याचे मूळ बद्रीनारायण बारवाले यांच्या शेतात आहे. बारवाले मूळचे हिंगोलीचे. विद्यार्थी असतानाच निजामी राजवटीविरुद्धच्या लढ्यात पडले, तुरुंगवास भोगला. पुढे जालन्यात शेती करू लागले. 1959-60 साली दिल्लीला जागतिक कृषी प्रदर्शन भरले होते. त्या सुमारास दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेची 'पुसा सावनी' ही भेंडीची नवी जात त्यांच्या हाती आली. भेंडीचा तेव्हाचा मोठा शत्रू म्हणजे केवडा. पानाच्या शिरा पिवळ्या पडतात, मग सगळे झाड पिवळे, भेंडी पांढरट आणि निबर. डॉ. हरभजन सिंग यांनी काढलेली पुसा सावनी त्या काळी या रोगापुढे टिकत होती.

इथे जरा थांबून भेंडीकडे शेतकऱ्याच्या नजरेने पाहू. भेंडी कोवळी तोडली तर एक दिवसाआड बाजार आहे. पाटी भरायची, मोंढ्यात न्यायची, संध्याकाळी रोख पैसा घरात. बी धरायचे तर शेंग झाडावरच वाळू द्यावी लागते. शेंगा वाळायला ठेवल्या की झाडाचा सगळा जोर बियात जातो आणि नवी कोवळी भेंडी लागायची कमी होते. म्हणजे एकाच झाडावर दोन्ही नीट साधत नाही. थोडी भाजी काढू, थोडे बी धरू असे केले, तर भाजीही धड नाही आणि बीही पोचट. भाजीचा पैसा आज मिळतो. बियाचा पैसा दोन-तीन महिन्यांनी, तोही कोणी विकत घेतले तर. आणि त्या काळी बी विकत घेतो कोण? ज्याने त्याने घरचेच बी धरायचे. ज्वारीची चांगली कणसे निवडून आढ्याला टांगून ठेवायची. बियाला पैसे मोजणे हा उधळेपणा समजला जाई.

बारवाले यांनी भेंडीचे बी धरले आणि विकले. सुरुवात एवढीच आहे. मोठा आराखडा नाही, अकरा कलमांची वही नाही. एक पीक, एक जात, आपल्याच रानात, आणि निकाल डोळ्यांपुढे. रोगाला न जुमानणाऱ्या भेंडीचे बी लोक पैसे देऊन नेतात, हे एकदा दिसल्यावर त्यांनी तो धागा सोडला नाही.

पुढची वर्षे झपाट्याने आली. 1961 साली देशात संकरित मक्याचे वाण निघाले. 1963 मध्ये राष्ट्रीय बीज निगम स्थापन झाले. 1964 मध्ये सीएसएच-1 ही पहिली संकरित ज्वारी आली आणि 1965 मध्ये एचबी-1 ही संकरित बाजरी. संशोधन सरकारी संस्थांचे होते, मदतीला अमेरिकेच्या रॉकफेलर फाउंडेशनचे शास्त्रज्ञ होते. पण प्रयोगशाळेतल्या मूठभर बियाचे पोतेच्या पोते करायचे कोणी? 1964 सालीच बारवाले यांनी जालन्यात महाराष्ट्र हायब्रीड सीड्स कंपनी, म्हणजे आपली 'महिको', काढली. तेव्हा जालना हा औरंगाबाद जिल्ह्यातला तालुका होता, स्वतंत्र जिल्हा झाला तो 1 मे 1981 ला. मोठे शहर, मोठे भांडवल, विद्यापीठ यांपैकी काही हाताशी नसताना जालन्यासारख्या ठिकाणी बियाण्याची कंपनी काढणे, याला त्या काळच्या व्यापारी बुद्धीने काय म्हटले असेल याची कल्पना करावी.

संकरित बियाणे करणे म्हणजे काय, हे ज्यांनी प्लॉट घेतले आहेत त्यांना माहीत आहे. बाकीच्यांसाठी थोडे सांगतो. ज्वारीचा प्लॉट घ्यायचा तर मादी वाणाच्या काही ओळी, मग नर वाणाच्या काही ओळी. दोन्ही एकाच वेळी फुलोऱ्यात यायला हव्यात, नाहीतर कणीस रिकामे. भेसळीचे झाड दिसले की फुलोऱ्याआधी उपटायचे. आणि चहूबाजूंनी सुमारे दोनशे मीटरपर्यंत दुसरी ज्वारी नको, कारण वाऱ्याबरोबर परका पराग येतो. आता दोनशे मीटरमध्ये किती भावकीची शेते येतात बघा! एका शेतकऱ्याने ठरवून भागत नाही, शेजाऱ्यांनाही त्या हंगामापुरते ठरवावे लागते. कंपनी नर-मादीचे मूळ बी देणार, देखरेख ठेवणार आणि तयार माल विकत घेणार, अशी ही पद्धत. आपल्या भागात हजारो कुटुंबे या पद्धतीने बियाण्याच्या धंद्यात आली.

लोकांनी ते लगेच डोक्यावर घेतले असेही नाही. हायब्रीडच्या भाकरीला चव नाही, कडबा बुटका, बी दरवर्षी विकत घ्यावे लागते, ही तक्रार आपल्या घरच्या म्हाताऱ्यांच्या तोंडून आपण ऐकलेली आहे. त्यात तथ्यही होते. त्याहून मोठा फटका बाजरीला बसला. एचबी-1 आणि तिच्या जातकुळीतल्या वाणांवर 1970 नंतरच्या वर्षांत गोसावी रोग असा पडला, की कणसाच्या जागी नुसता पाल्याचा झुपका. रानेच्या राने गेली. ज्याने 'मी एचबी-1 चा व्यापारी' असे मनाशी धरले असेल तो तिथेच संपला. ज्याने 'मी बियाण्याचा माणूस' असे धरले होते, त्याच्यापुढे काम उरले होते, दुसरा वाण शोधण्याचे. महिकोने स्वतःचे संशोधन उभे केले, ते याच वाटेवर.

मला या सगळ्यात मोलाचे वाटते ते हे. भेंडी, मका, ज्वारी, बाजरी, कापूस अशी यादी केली तर कोणी म्हणेल, हा माणूसही आमच्यासारखाच धरसोड करत होता. नीट पाहिले तर धंदा एकच होता. पिके बदलली, वाण बदलले, बी बदलले नाही. आम्ही नेमके उलटे करतो. आज दूध, उद्या शेळी, परवा तुती, आणि प्रत्येक वेळी शिकण्याची फी नव्याने भरतो. शेळीचा रोग ओळखायला शिकतो तोवर शेळ्या विकून टाकलेल्या असतात, आणि ते ज्ञान तुतीच्या कामाला येत नाही.

अमेरिकेत आयोवा राज्यात हेन्री वॉलेस नावाच्या माणसाने 1926 मध्ये संकरित मक्याच्या बियाण्याची कंपनी काढली होती, तिच्यातून पुढे जगातला मोठा बियाणे उद्योग उभा राहिला. त्याच आयोवाच्या डे मॉइन शहरातून जागतिक अन्न पुरस्कार दिला जातो. डॉ. नॉर्मन बोरलॉग यांनी सुरू केलेला हा पुरस्कार 1987 मध्ये सर्वांत पहिला डॉ. स्वामिनाथन यांना मिळाला, 1989 मध्ये कुरियन यांना आणि 1998 मध्ये आमच्या जालन्याच्या बद्रीनारायण बारवाले यांना. 2001 साली पद्मभूषण. 24 जुलै 2017 रोजी ते गेले. 2002 नंतर बीटी कापसावरून जे वाद झाले ते सर्वांना ठाऊक आहेत, माझीही त्यावर मते आहेत, पण तो आजचा विषय नाही. आजचा विषय भेंडीचा. पहिल्या भेंडीच्या बियापासून त्या पुरस्कारापर्यंत अडतीस-एकोणचाळीस वर्षे गेली. आज बेजो शीतल, कलश, कृषिधन अशा कितीतरी बियाणे कंपन्यांची नावे जालन्याला चिकटलेली आहेत, आणि पलीकडे देऊळगाव राजाच्या बाजूला रस्त्याने गेले तर शेडनेटमध्ये भाजीपाल्याच्या बियाण्याचे प्लॉट दिसतात. एक माणूस एका धंद्याला चिकटून राहिला, तर त्याच्याभोवती कामगार, जाणकार, व्यापारी, वाहतूकवाले जमत जातात, आणि मग मागून येणाऱ्याला तोच धंदा सोपा होतो.

"ते मोठे लोक, काका"

हे सगळे मी त्या पोराला सांगितले. त्याने ऐकून घेतले आणि म्हणाला, "ते मोठे लोक, काका. आमचं अडीच एकर."

बरोबर आहे. म्हणून त्याला कडवंचीची आठवण दिली. जालना तालुक्यातले डोंगराळ, पाण्याला महाग असलेले गाव. 1996 पासून तिथे इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमाचे काम झाले. मराठवाडा शेती सहाय्य मंडळ, खरपुडीचे कृषी विज्ञान केंद्र आणि विजयअण्णा बोराडे यांचा त्यात पुढाकार. माथ्यापासून पायथ्यापर्यंत बांधबंदिस्ती झाली, पाणी थांबले. पाणी थांबल्यावर बहुतेक गावांत काय होते ते आपण पाहिले आहे. जो तो मनाला येईल ते लावतो आणि चार वर्षांत विहिरी पुन्हा तळाला. कडवंचीने द्राक्ष धरले. ठिबक आणि शेततळे ही त्याची जोड.

द्राक्ष हे आपल्या उसाहून कडक मास्तर आहे. मांडवाचा खर्च आधी, पहिले धड पीक दीड-दोन वर्षांनी, आणि बाग मग बारा-पंधरा वर्षे तुम्हाला सोडत नाही. एप्रिलची छाटणी, ऑक्टोबरची छाटणी, डावणीची धास्ती. एकट्याने हे केले असते तर वेडा झाला असता. पण सगळे गाव द्राक्षात उतरल्यामुळे छाटणीचे हात गावातच तयार झाले. एकाच्या बागेत रोग दिसला की संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळे. व्यापारी एका घरासाठी येत नाही, गावासाठी येतो. 2012-13 च्या दुष्काळात, टँकरच्या त्या साली, शेततळ्यांतल्या पाण्यावर तिथल्या बागा जगल्या.

त्याच दुष्काळात आपल्या जिल्ह्यात मोसंबीचे काय झाले, हे मात्र विसरून चालणार नाही. पंधरा-वीस वर्षे पोराबाळांसारखी वाढवलेली झाडे लोकांनी कुऱ्हाडीने तोडली आणि सरपण म्हणून विकली. ते शेतकरी धरसोडीचे नव्हते. उलट धरून राहिले, टँकरने पाणी घातले, कर्ज काढले. म्हणून एका धंद्याला चिकटा असे सरसकट सांगणाऱ्यावर माझा विश्वास नाही. धरून राहण्याआधी पाणी मोजलेच पाहिजे. भाव पडला म्हणून धंदा सोडला तर बहुधा पस्तावायची पाळी येते. भाव वर-खाली होतो, परत येतो. पाणी संपले तर मात्र हट्ट करू नये, त्याच दिवशी सोडावे. मी 2020 मध्ये भावाला घाबरून तुती उपटली. विहिरीला त्या साली पाणी भरपूर होते! चूक नेमकी कुठे झाली हे कळायला मला एवढी वर्षे लागली.

वहीवर काट

मग आम्ही दोघांनी ती वही घेतली आणि उलट्या बाजूने सुरुवात केली. नफ्याचे आकडे झाकून ठेवले. पहिला प्रश्न पाण्याचा. मे महिन्यात विहीर किती तास चालते? तो म्हणाला, "उसाला देऊन राहतं ते एक तास, बरी साल असली तर." झाले. मोसंबी आणि डाळिंबावर काट. दुसरा प्रश्न हातांचा. घरात तो, बायको आणि आई. आईचे गुडघे दुखतात, तिला जनावरामागे उठबस होत नाही. म्हशी आणि शेळ्या गेल्या. तिसरा प्रश्न, माल दारात सडायला लागला तर एका दिवसात कुठे नेणार? इथे मधमाश्या आणि कोंबड्यांवर बराच वाद झाला, तो सांगत बसत नाही. गुऱ्हाळ त्याने स्वतःच खोडले आणि माझ्याकडे पाहून हसला. रोपवाटिका आणि गांडूळ खत यांना त्याने 'नंतर' असे लिहिले. मी ते 'नंतर' पण खोडायला लावले. नंतर म्हणजे घोळाला दार उघडे ठेवणे.

राहिली दोन. रेशीम आणि शेडनेटमधले बीजोत्पादन.

"आता यातलं कोणतं?" त्याने विचारले.

खरे सांगतो, दोन्हीतले कोणतेही चालले असते. इथवर आल्यावर आकडेमोड पुढे नेत नाही. पण माणूस नेमका इथेच दोन वर्षे अडकतो, कारण दोन्ही चांगले असतात आणि एक धरले की दुसरे सुटते. त्याच्या गावात बीजोत्पादनाचे पाच-सहा शेडनेट आधीच आहेत. मिरचीच्या आणि काकडीच्या फुलांवर परागीकरण करणाऱ्या बाया गावातच मिळतात. त्याच्या बायकोनेही माहेरी हे काम केलेले. एवढ्यावर ठरवले. दहा गुंठ्यांचे शेडनेट, एकच कंपनी, एकच पीक, आणि करार कागदावर. तोंडी शब्दावर प्लॉट घेऊ नये, दर आणि उगवणशक्तीची अट आधी वाचावी, हे मी त्याला दोनदा सांगितले. परागीकरणाचा हंगाम हा हातघाईचा, सकाळचे काही तासच कामाचे, त्यामुळे उसाची बांधणी आणि हे काम एका आठवड्यात येऊ देऊ नये, हेही.

आणि मुदत? त्याला उसाचीच मोजपट्टी दिली. एक लागण आणि दोन खोडवे. म्हणजे पहिला हंगाम शिकण्याचा, त्यात तोटा आला तरी तो लागणीचा खर्च समजायचा. दुसरा आणि तिसरा हंगाम खोडव्याचे. तोवर वहीतले पहिले पान उघडायचे नाही. तिसऱ्या हंगामानंतर हिशेब मांडून हवे तर मोडावे, रान आपलेच आहे. मध्ये फक्त पाणी आटले तर थांबायचे. त्याने वहीच्या शेवटच्या पानावर तारीख घातली आणि माझी सही घेतली, साक्षीदार म्हणून. चिटबॉय म्हणाला, "काका, माझी पण घ्या, नोंदीवर दोन सह्या लागतात."

सही करताना माझ्या मनात आले, की दुसऱ्याच्या वहीवर सही करणारे आपण कोण? घरी जाऊन शेडमधला कडबा बाहेर काढला. दोन पत्रे उडालेले, एका बाजूची जाळी उंदरांनी कुरतडलेली. तुतीची व्ही-1 जात, जोडओळ, पाच फूट, तीन फूट आणि दोन फूट हे अंतर अजून तोंडपाठ होते, त्याचे मलाच नवल वाटले. दुसऱ्या दिवशी जालन्याला जिल्हा रेशीम कार्यालयात गेलो. नोंदणीचा फॉर्म, सातबारा, बँकेचे पासबुक, पुन्हा पहिल्यापासून सगळे. बाबूने नाव पाहिले आणि विचारले, "तुम्ही आधी केलं होतं ना?" मी म्हणालो, "केलं होतं. मोडलं."

रोपे जूनमध्ये लावायची आहेत. घरात भिंतीवरच्या कॅलेंडरवर तीन वर्षांनंतरची तारीख लिहायला जागा नसते, म्हणून ती शेडच्या लोखंडी खांबावर ऑइलपेंटने घातली आहे. कारभारणीने ती वाचली आणि विचारले, "हे कामून लिवलं?"

"तोवर काही विचारायचं नाही म्हणून."

"मी कवा विचारते? तुमीच विचारता सगळ्या गावाला," असे म्हणून ती आत गेली. उडालेले पत्रे उन्हाळ्याआधी बसवून घ्यायचे आहेत.